दगडाबाईंच्या जेवणाची तांत्रिक बाजू

"वैजू, भजन मला रोज दाव. आन् देवाचं दाव, बायकांचं न्हाय. त्ये बघितल्याबिगर मी घास घ्यायची न्हाय, ध्यानात ठिव."

दगडाबाई हे म्हणाल्या तेव्हा त्या रुग्णवाहिकेत आडव्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. आवाजाला काही झालं नव्हतं. आमचं भजनी मंडळ त्यांनी सुरू केलं, सुरुवातीचा अभंग कायम त्यांचा, आणि आता त्या रेल्वेत कामाला असलेल्या मुलाकडं, जोतीरामकडं, होटगीला चालल्या होत्या. त्यांचा हात माझ्या हातात होता. मी म्हटलं, "दाखवीन." एवढ्यावर थांबले असते तर ही हकिकत घडली नसती. पण मला नेमांची सवय. सोमवार आहे, चतुर्थी आहे, पोथी वाचल्याशिवाय पाणी न पिणं आहे, त्यात आणखी एक सहज मावेल असं वाटलं आणि तोंडातून निघून गेलं, "तुम्ही जेवल्याशिवाय मीसुद्धा जेवायची नाही."

नेम धरताना त्यात यंत्राचा भाग किती आहे ते आधी पाहून घ्यावं, असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही.

आमचं श्री रेणुका महिला भजनी मंडळ जुळे सोलापुरात, देवळाच्या सभागृहात रोज सकाळी भरतं. मंडळ नोंदणीकृत आहे. नोंदणीपूर्वी आम्ही भजन म्हणायचो. नोंदणीनंतर आम्ही कार्यक्रम घेतो. पहिल्या दिवशी सरळ व्हिडिओ कॉल लावला. फोन आला म्हणून दगडाबाईंनी तो कानाला लावला आणि भजन संपेपर्यंत आम्हा सगळ्यांना आपला कान दाखवला. आम्ही त्या कानाकडं बघून गात राहिलो. शेवटी त्या म्हणाल्या, "ऐकू आलं. दिसलं न्हाय." आणि जेवल्या नाहीत. सुनेनं समजूत घालून दूध पाजलं. दूध म्हणजे घास नव्हे, असा निकाल त्यांनीच दिला. मीही तो निकाल मान्य करून दूध प्यायले.

दुसऱ्या दिवशी फोन तिपाईवर उभा करून सगळं भजन चित्रित केलं आणि जसंच्या तसं होटगीला पाठवलं. त्यात दोन अभंगांच्या मधे साड्यांचा सेल कुठं लागलाय त्याची माहिती होती, पेटी कुणी वाजवायची यावरून दोघी एकमेकींकडं पाठ करून बसल्या होत्या, आणि ऐन गजरात आमच्या खजिनदारबाई घरी फोन करून दूध उतू गेलं का ते विचारत होत्या. थोड्या वेळानं जोतीरामचा फोन आला.

"मावशी, आयनं बघितलं सगळं."

"जेवल्या का?"

"न्हाय की. म्हणती, देवाचं सांगितलं हुतं, ह्ये बायकांचं हाय."

तेव्हा कापाकापी करणं आलं. मंडळाकडं संगणक होता. कुणा दात्यानं दिलेला. त्यावर भरतकाम केलेलं एक सुरेख झाकण होतं आणि ते आजवर कुणी काढलं नव्हतं. आमचे हे, म्हणजे बापूसाहेब, सरकारी कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून मंडळाचे मानद सल्लागार आहेत. महिला मंडळाला नियम माहीत असलेला एक पुरुष लागतो, असं त्यांनीच आम्हाला सांगितलं. ते म्हणाले, "वापर नसलेली मालमत्ता म्हणजे लेखापरीक्षणात आक्षेप. वापरा." मग मी शिकले. नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, शेवटी एक बटण दाबायचं, की पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडं सरकते आणि ती टोकाला गेली की व्हिडिओ तयार. पट्टी हळू सरकायची, पण जेवणाच्या वेळेला टेकायची. होटगीत दगडाबाई भजन बघायच्या, भाकरी मोडायच्या. इकडं मी पान वाढून घ्यायचे. जोतीरामच्या बायकोनं सांगितलं, आत्याबाई आता उशीला टेकून बसतात. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि नेमकं तेच अध्यक्षा सुगलाताईंच्या लक्षात आलं.

"वैजयंतीताई," त्या म्हणाल्या, "होटगीपर्यंत आपली नाचक्की चाललीय. मला दोन हनुवट्या दिसतात."

मी म्हटलं, "दगडाबाईंनी तुम्हाला रोज पाहिलंय की."

"समोरून पाहणं वेगळं. व्हिडिओत आलं की ते कायम होतं."

त्यांच्या भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओत सगळ्यांचे चेहरे लोण्यासारखे मऊ केले होते. तसं करता येतं, हे मला कबूल करावं लागलं. खोटं न बोलण्याचाही नेम आहे. सुगलाताईंचा चेहरा मऊ केला. दुसऱ्या दिवशी उपाध्यक्षांनी विचारलं, की अध्यक्षांचाच का. बैठक झाली आणि ठराव झाला, की कोणताही भेदभाव न करता सर्व सदस्यांचे चेहरे समान प्रमाणात मऊ करण्यात यावेत. ठरावाची अंमलबजावणी इतकी काटेकोर झाली, की मागच्या देवीच्या मुखवट्यालाही तो नियम लागू झाला. देवीचे डोळे मोठे झाले, गाल गुलाबी झाले आणि ती आमच्या सगळ्यांत धाकटी दिसायला लागली.

त्या दिवशी दगडाबाईंनी स्वतः फोन केला. "वैजू, मंडळात नवीन पोरी लई आल्यात व्हय गं? जुन्या बायका कुटं गेल्या?"

पण चेहरे मऊ करण्याचं काम संगणकाला झेपेना. पट्टी पूर्वी हळू सरकायची. आता ती एका जागी उभी राहून विचार करू लागली. दुपारचं जेवण चहाच्या वेळेला गेलं, चहाच्या वेळेचं दिवेलागणीला. जोतीरामचा फोन आला. आवाज दबका होता, जवळच आई असावी.

"मावशी, आय भाकरी पुढ्यात ठिवून मोबाइलकडं बघत बसलीया. डागतर म्हणलाय, गोळ्या जेवल्यावरच द्यायच्या. आता जेवणच न्हाय, तर गोळ्या कशावर द्यायच्या?"

मी हे बापूसाहेबांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांच्या जेवणाची वेळ कार्यालयीन आहे, तिच्यात निवृत्तीनंतरही फरक पडलेला नाही.

"विलंबाचं कारण निश्चित झालंय का?" त्यांनी विचारलं.

"संगणक हळू चालतो."

"हे मत झालं. कारण नव्हे. आमटी वाढ."

दुसऱ्या दिवशी गती समिती नेमली गेली. समितीची पहिली बैठक गणसंख्येअभावी पुढं ढकलली. दुसऱ्या बैठकीला तज्ज्ञ म्हणून बापूसाहेबांचा पुतण्या सोमेश याला बोलावलं. सोमेश चिंचोळी एमआयडीसीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात व्हिडिओ संपादनासाठी कोणता संगणक घ्यावा यावर एक चॅनेल चालवतो. त्याला सगळं ठाऊक आहे: कुठला प्रोसेसर कुठल्याला मागं टाकतो, कुठलं कार्ड किती तापतं. स्वतः त्यानं आजवर एकही व्हिडिओ संपादित केलेला नाही, कारण त्याच्या मनासारखा संगणक अजून बाजारात यायचा आहे. चॅनेलवर तो नुसता बोलतो आणि त्याचा मित्र ते फोनवरच्या फोनवर टाकून देतो.

"काकू, तुमचा प्रॉब्लेम रॅमचा," तो संगणकाकडं न बघताच म्हणाला.

"म्हणजे काय रे?"

"रॅम म्हणजे तुमचा ओटा समजा. ओटा लहान, की परात कुठं ठेवायची, पोळपाट कुठं ठेवायचा. ओटा मोठा केला की स्वयंपाक पटापट."

हे सगळ्यांना पटलं. मोठा ओटा नको असलेली बाई आमच्या मंडळात नाही. दरपत्रकं मागवली, ती आली, त्यांची तुलना झाली, आणि दुकानदार मैनुद्दीनभाई रॅमची डबी घेऊन स्वतः देवळात आले. चपला बाहेर काढून, रुमाल डोक्याला बांधून ते संगणकापुढं मांडी घालून बसले. भला माणूस. त्यांच्या दुकानात कुठल्याही प्रश्नाला नाही हे उत्तर मिळत नाही.

"मैनुद्दीनभाई, ही यात बसेल ना?" मी विचारलं.

"बसते की ताई."

त्यांनी संगणकाची पेटी उघडली, आत बघितलं, रॅम एकदा सुलटी धरली, एकदा उलटी धरली. "बसत नाही की."

"आत्ता बसते म्हणालात."

"रॅम बसते. हा बोर्ड बसू देत नाही. बोर्ड जुना आहे, नवा घेऊ. होऊन जातंय."

नवा बोर्ड आला. त्यानं रॅमला जागा दिली, पण जुना प्रोसेसर ओळखायला नकार दिला. नवा प्रोसेसर आला. सोमेश म्हणाला, प्रोसेसर म्हणजे स्वयंपाकी. आता असला स्वयंपाकी ठेवल्यावर गॅसच्या शेगड्याही चार हव्यात, म्हणजे ग्राफिक्स कार्ड. कार्ड आलं, तर ते पेटीत मावेना. पेटी नवी. कार्डाला वीज जास्त, म्हणून वीज पुरवणारा डबा नवा. रोज एक खोकं यायचं, आणि रोज संगणक जमिनीवर पसरलेला असल्यामुळं मी बापूसाहेबांच्या खडखडणाऱ्या लॅपटॉपवर भजन कापायचे. ते दगडाबाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी पोचायचं. काल सकाळचं भजन बघून त्या आज सकाळी कालची भाकरी खायच्या.

बापूसाहेबांनी यावर एक टिपणी तयार केली. तिच्यात म्हटलं होतं, की श्रीमती दगडाबाई यांच्या जेवणाचा अनुशेष निर्माण झाला असून तो टप्प्याटप्प्यानं भरून काढण्यात येईल.

"टप्प्याटप्प्यानं म्हणजे?" मी विचारलं. मी माझ्यासाठीही विचारत होते.

"म्हणजे क्षमता वाढली, की एका दिवसात दोन दिवसांची भजनं जातील. त्या दोन वेळा जेवतील."

"पण त्यांना भूक आज आहे."

"अगं, अनुशेष हा आजचा कधीच नसतो," ते प्रेमानं म्हणाले. "तो कालचा असतो."

खरी अडचण पुढं आली. एवढ्या वस्तू घेतल्या म्हणजे खरेदी झाली. खरेदी म्हटली की सर्वसाधारण सभा आणि तिची नोटीस. दुरुस्तीला मात्र सल्लागारांची सही पुरते. बापूसाहेबांनी नियम सांगितला: मूळ वस्तूचा निदान एक भाग जागेवर राहिला, तर ती दुरुस्ती. आता कोणता भाग ठेवायचा? माऊस म्हणजे जोडसाहित्य, तो धरत नाहीत. पेटी गेली, बोर्ड गेला, प्रोसेसर गेला. जुन्यापैकी उरली होती ती हार्ड डिस्क, म्हणजे ज्यात सगळे व्हिडिओ साठवलेले असतात तो चौकोनी डबा. मैनुद्दीनभाईंनी तो बाहेर काढायला पेचकस लावला आणि हात आखडून घेतला.

"ताई, इथं कुंकू आहे."

आम्ही वाकून बघितलं. डब्यावर हळद होती, कुंकू होतं, चिकटलेल्या अक्षता होत्या, एक वाळकं झेंडूचं फूल तारेत अडकून बसलं होतं.

"खंडेनवमीला मी केलीय पूजा," सुगलाताई म्हणाल्या. "सगळ्यांच्या घरी पेटीला वरून कुंकू लावतात. मी म्हटलं, यंत्राचं मर्म आत असतं. झाकण उघडून लावलं."

"मर्म हेच, हे कसं ओळखलं?" सोमेशनं विचारलं.

"त्यातून कुरकुर ऐकू येत होती."

मीही हात जोडले. पूजलेल्या वस्तूला हात जोडायचे असतात, ती काम काय करते हे विचारायचं नसतं. डिस्क जागेवर राहील असं ठरलं. ती नियमानं हलवता येत नव्हती आणि पूजेमुळं हलवायची नव्हती. कायदा आणि धर्म इतके एकमतानं एका डब्यापाशी उभे राहिलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

नवा संगणक, म्हणजे कागदोपत्री दुरुस्त झालेला जुना संगणक, उभा राहिला. त्याच्या पेटीला काच होती आणि आत लाल, हिरवे, निळे दिवे फिरत होते. हे दिवे वेग वाढवतात का, असं मी सोमेशला विचारलं. तो म्हणाला, "प्रत्यक्षात नाही, पण आत्मविश्वास वाढतो." पंख्यांचा आवाज असा, की माग चालवणाऱ्या घरातल्या आमच्या भाग्यलक्ष्मीवहिनी आत पाऊल टाकताच सवयीनं ओरडून बोलायला लागल्या. सकाळी दर्शनाला येणारे लोक आधी देवीला नमस्कार करायचे आणि मग दिव्यांकडं वळायचे. कुणीतरी काचेपुढं जास्वंद ठेवली. जास्वंद रोज यायला लागली. एक गृहस्थ तर नव्या मोटारसायकलची किल्ली पेटीला टेकवून गेले.

मी सोमवारचा उपास सोडायच्या आशेनं बटण दाबलं. पट्टी निघाली. थोडी सरकली. थांबली.

सोमेशनं पडद्यावर काहीतरी उघडून आलेख बघितले. त्याचा चेहरा पडला. "काकू, रॅम रिकामी आहे. प्रोसेसर रिकामा. कार्ड तर झोपलंय. सगळे त्या डिस्कची वाट बघत बसलेत."

"म्हणजे स्वयंपाकघरात सांग."

"म्हणजे ओटा केवढा, शेगड्या चार, स्वयंपाकी दहा माणसांचा. पण पीठ माळ्यावरच्या डब्यात, आणि माळ्यावर चढून ते आणायला एकच आजीबाई. ती येईपर्यंत सगळे हात बांधून उभे."

"मग नवी डिस्क आणा."

"आणली की," मैनुद्दीनभाईंनी खिशातूनच काढली. इवलीशी होती, आमच्या कुंकवाच्या करंड्याएवढीही जाड नाही. "जुनी काढायची, ही घालायची."

देवळाच्या पुजाऱ्यांना, शिवशरण गुरुजींना, विचारलं. ते म्हणाले, पूजलेली वस्तू भंगारात देता येत नाही, पाण्यात विसर्जन करावं. बापूसाहेबांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की असल्या वस्तू ई-कचऱ्यात मोडतात, त्या पाण्यात टाकता येत नाहीत, भंगारातच द्याव्या लागतात. दोन्ही मतं रास्त होती, त्यामुळं काही करता आलं नाही.

"जुनी राहू द्या," मैनुद्दीनभाई म्हणाले, "ही तिच्या शेजारी लावतो. काम ही करेल, मान तिला राहील."

हे मला फार आवडलं. बऱ्याच घरांत अशीच व्यवस्था असते. पण सुगलाताईंनी मान हलवली.

"पूजलेलीच्या शेजारी बिनपूजलेली चालणार नाही."

"मग हिचीही करा की पूजा."

"करणारच. खंडेनवमीला."

नवी डिस्क डबीसकट देवीच्या कपाटात ठेवली. तिला खंडेनवमीपर्यंत रजा मिळाली. तेव्हा उन्हाळा होता.

आणि तो सोलापूरचा उन्हाळा. कार्ड झोपल्या झोपल्याच तापलं आणि संगणक आपोआप बंद पडायला लागला. त्याला थंड हवा हवी होती. सभागृहात एसी बसवला. एसी बसवला म्हणून दारं-खिडक्या बंद. दारं बंद म्हणून आत पेटी-टाळांचा आवाज घुमायला लागला आणि सोमेशच्या मते ध्वनिमुद्रणाचा दर्जा घसरला; भजन बाहेर ओसरीवर हलवलं. ओसरीवर दिवे आणि माईक लावला, की एसी आणि संगणकासकट सगळी वीज जायची. एका वेळी एकच चालवा, असं वायरमननं सांगितलं. तर मग भजनाच्या वेळी संगणक बंद ठेवावा, असं मी सुचवलं. माझा आवाज मुळात हळू, त्यात पंखे. इतिवृत्तात एवढंच आलं, की वैजयंतीताईंनीही विचार मांडले.

सोमेश म्हणाला, "बंद केला तर परत चालू व्हायला त्या डिस्कमुळं अर्धी सकाळ जाते. चालूच ठेवलेला बरा."

त्यावर गती समितीनं एकमतानं निर्णय घेतला. भजनाचं संपादन वेगानं व्हावं यासाठी भजन तात्पुरतं स्थगित.

होटगीला त्या दिवशी काय पाठवावं हे मला कळेना. मी पूर्वीच्या चित्रीकरणातला एक अभंग शोधून पाठवला. जोतीरामनं फोन केला.

"मावशी, आय म्हणती ह्ये शिळं हाय. परवाच्या एकादशीचं. तिला साडीवरनं कळलं."

"मग?"

"दूध प्याली."

मीही दूध प्यायले. त्या दिवसांत दुधवाला आमच्यावर फार खूश होता. आरशात बघितलं तर गळ्याखालची हाडं वर आली होती, आणि सुगलाताई मात्र मला म्हणाल्या, "वैजयंतीताई, तुम्हाला आता मऊ करायची गरज नाही. छान बारीक झालात."

यथावकाश उद्घाटन ठरलं. सभागृहावर फलक लागला: गतिमान चित्रफीत संपादन केंद्र. केंद्राच्या दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले होते. देवी मधेच होती, पण एसीचा झोत समईवर येतो म्हणून तिच्यापुढं पडदा ओढला होता. मंडळाच्या सगळ्या बायका एकाच रंगाच्या साड्यांत आल्या. बापूसाहेबांनी प्रास्ताविक केलं.

"आज आपल्या मंडळाकडं," ते म्हणाले, "कितीही मोठं भजन, कितीही वेगानं संपादित करण्याची क्षमता आहे. ही जिल्ह्यातल्या भजनी मंडळांसाठी दिशादर्शक बाब ठरावी."

टाळ्या झाल्या. मैनुद्दीनभाईंना शाल दिली. त्यांनी ती खांद्यावर घेतली आणि गारठल्यामुळं नीट गुंडाळून घेतली. मग कुणीतरी म्हणालं, प्रात्यक्षिक दाखवा. सोमेश खुर्चीत बसला, बोटं मोडली आणि माझ्याकडं वळला.

"काकू, भजन द्या."

"कुठलं भजन?"

"आजचं. कालचं. कुठलंही ताजं."

सगळ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. भजन कुणीच म्हटलं नव्हतं. ते स्थगित होतं, आणि स्थगितीचा ठराव आम्हीच हात वर करून केला होता. मग बापूसाहेबांनी प्रशासकीय अनुभव पणाला लावला.

"या समारंभाचं चित्रीकरण चाललंय ना? तेच संपादित करा. माझ्या प्रास्ताविकापासून."

ते पटलं. फोनमधलं चित्रीकरण संगणकात घेतलं. सुगलाताईंनी पुढं होऊन सांगितलं, की पाहुण्यांसकट सगळ्यांचे चेहरे मऊ करा. सोमेशनं बटण दाबलं. पट्टी निघाली, थोडी सरकली आणि थांबली. सगळेजण पट्टीपुढं दाटीवाटीनं उभे राहिले, जसे आरतीला उभे राहतात. एका बाईंनी नकळत हात जोडलेले मला दिसले.

माझा फोन थरथरला. मी खांबाआड गेले.

"मावशी," जोतीराम म्हणाला, "आजबी भजन न्हाय व्हय?"

"आई काय करतायत?"

"बसलीया. मी म्हणलं, जेव, मावशी कामात असंल. तर म्हणती, वैजूनं शबूद दिलाय, यील. उद्याला आलं तरी चालंल, मी थांबते म्हणती. मावशी, आता तिला बसवत न्हाय. भितीला टेकवून ठिवलीया."

मी बापूसाहेबांपाशी गेले आणि त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. त्यांनी पट्टीवरची नजर काढली नाही.

"जरा थांब. निम्म्यावर आलीय."

"ती उद्या सकाळपर्यंत निम्म्यावरच राहील. म्हातारी भिंतीला टेकलीय."

"अगं, म्हणून तर एवढं सगळं केलं," ते हळुवारपणे म्हणाले. त्यांच्या आवाजात खोट नव्हती. हेच मला जास्त लागलं. मंडळात दुष्ट असं कुणी नाही. प्रत्येकानं दगडाबाईंच्या घासासाठीच काही ना काही विकत आणलेलं होतं.

मी पडदा बाजूला करून देवीला नमस्कार केला, कपाटातून माझे टाळ काढून पिशवीत घातले आणि दाराकडं निघाले. केळीच्या खुंटापाशी शेजारच्या कॉलनीतले दोघे-तिघे डोकावत होते. एकानं विचारलं, "काकू, आत कार्ड कुठलं बसवलंय?" दुसरा म्हणाला, "डिस्क नाही का बदलली? आधी ती बदलायला पाहिजे होती." तिसऱ्यानं लगेच सांगितलं, की डिस्कची नक्कल नव्या डिस्कवर काढून जुनी नुसती आत ठेवून द्यायची, तार न जोडता, म्हणजे पूजाही राहते आणि वेगही येतो. उत्तम उपाय होता.

ही हकिकत ज्याला ज्याला सांगितली त्यानं मला याहून चांगला उपाय दिलेला आहे. तुम्हीही वाचता वाचता एखादा काढून ठेवला असेल, कदाचित त्या तिसऱ्या गृहस्थाच्याही आधी. बापूसाहेबांना जरूर कळवा. गती समितीत जागा आहे, आणि बैठकीला चहा मिळतो. दगडाबाई जेवल्या का, हे तुमच्याही मनात यायचं राहून गेलं असेल तर त्यात कमीपणा मानू नका. समितीच्या एकाही बैठकीत तो प्रश्न निघाला नाही.

मी चपला पायात सरकवल्या. मागं पंखे घरघरत होते आणि सुगलाताईंचा आवाज आला, सरकली, सरकली. आसरा चौकात होटगीकडं तोंड करून एक रिक्षा उभी होती. मागं बसून पिशवी मांडीवर घेतली, टाळ वाजू नयेत म्हणून त्यांच्यावर हात ठेवला, आणि उपाशीपोटी आवाज लागतो का ते बघायला अभंगाची पहिली ओळ ओठातल्या ओठात म्हणून पाहिली.